टाळूवरची दोन बोटं

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. घरी जाऊन अंघोळ-जेवण झालं की निम्मं विसरेन, म्हणून ड्युटी संपल्या संपल्या नारायणगाव स्टँडच्या बाकड्यावर बसून टाइप करतेय. एसटीला वेळ आहे. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

झालं असं की आज आमच्याकडं एक नवीन सिस्टर जॉइन झाली. दुपारी एका बाळाचं सॅच्युरेशन पडलं, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन खाली गेला. तिनं घाबरून हातानं दाबून श्वास द्यायची रबरी बॅग उचलली, बाळाच्या तोंडावर मास्क लावला आणि धडाधड दाबत सुटली. माझा हात आपोआप गेला आणि तिचं मनगट धरलं. आणि तोंडातून निघालं, "ए, लेझीम चाललीय का इथं?"

ती बघतच राहिली. मी पण. कारण हे वाक्य माझं नाहीच! ते आपांचं. आणि आपा जाऊन तीन महिने झाले.

आपा म्हणजे मेहरुन आपा, जुन्नरच्या. आमच्या एनआयसीयूच्या मुख्य सिस्टर. एनआयसीयू म्हणजे दिवस भरायच्या आधी आलेल्या किंवा आजारी बाळांची काचेची खोली. आमचं हॉस्पिटल छोटं, हायवेला, खालच्या मजल्यावर ओपीडी आणि वर ही खोली. आपा रोज जुन्नरहून एसटीनं यायच्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर पांढरी ओढणी पिनांनी घट्ट लावलेली. पायात कापडी चपला, कारण रबरी चपलांचा आवाज होतो. लोखंडी कपाटाच्या दारांना त्यांनी कापसाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. एकदा माझ्याकडून ड्रॉवर धाडकन लागला तर म्हणाल्या, "आपल्याला निसता आवाज येतो. ह्यांच्या डोक्यातलं रगात उडी मारतं."

मला वाटलं, म्हातारी काहीतरीच बोलते.

ड्युटीवर आल्या की हात धुवायचे, एकमेकांवर घासून गरम करायचे आणि मग प्रत्येक बाळाच्या टाळूवर दोन बोटं. दाबायची नाहीत, नुसती टेकवायची. "हाय का रं बाबा?" एवढंच विचारायचं आणि पुढच्या पाळण्याकडं. टाळू सपाट आहे, फुगलीय की खाली गेलीय, हे त्यांच्या बोटांना कळायचं. मॉनिटरकडं त्या नंतर बघायच्या.

व्हेंटिलेटरला पावणा म्हणायच्या. "पावणा हाय त्यो. आला, बसला, चा घेतला, की निघाला पायजे. घर त्याच्या ताब्यात द्यायचं नसतं." आणि बाळाच्या श्वासाच्या नळीतला चिकटा ठरलेल्या वेळी खेचून काढायची मला सवय लागली होती, तर म्हणाल्या, "तू सोताचं नाक घड्याळ बगून पुसती का?"

माझ्या पहिल्या आठवड्यातच मी आजच्या त्या मुलीसारखी बॅग दाबली होती. सॅच्युरेशन एकदम वर आलं, मी खूश! आपांनी मनगट धरलं, लेझीमवालं वाक्य ऐकवलं आणि बाळ स्थिर झाल्यावर मला कोपऱ्यात नेलं. दुसऱ्या एका बॅगेचं तोंड माझ्या गालाला लावलं आणि मी दाबली होती तशीच दाबली. फाड फाड फाड. गालावर चापट मारल्यासारखं वाटलं.

"तुझा गाल केवढा, त्याची छाती केवढी?" मग माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं, "दाब... सोड, सोड. दाब... सोड, सोड. सोडणं जास्ती हाय, ध्यानात ठेव. छाती आपण हलवतो, पण धक्का डोक्यात बसतो."

आता हे जरा नीट सांगते, कारण हे कळलं नाही तर आपा कळणार नाहीत. आपण श्वास ओढून घेतो. मशीन हवा ढकलतं. ढकललेल्या हवेनं छातीत दाब वाढतो आणि डोक्यातून खाली हृदयाकडं येणारं रक्त अडतं. मशीननं श्वास जास्त दिले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला रक्त कमी पडतं. कमी दिले तर उलटं, वाहिन्या सैलावतात आणि रक्त लोंढ्यानं घुसतं. मोठ्या माणसाचा मेंदू हे सांभाळून घेतो. सातव्या महिन्यात आलेल्या बाळाला ते जमत नाही. त्याच्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की वर-खाली झालं की फुटूही शकतात. फुफ्फुस वाचवायला लावलेलं मशीन, आणि भीती मेंदूची! नर्सिंगला हे मी पाठ केलं होतं, पेपरात लिहिलं पण होतं. कळलं ते डिंगोऱ्याच्या बाळामुळं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवनाथ म्हणून डिंगोऱ्याचा टोमॅटोवाला शेतकरी, त्याच्या बायकोची सातव्या महिन्यातच डिलिव्हरी झाली. बाळ तळहाताएवढं. पुण्याला बेड मिळेना आणि एवढ्या बाळाला गाडीत हलवणं पण धोक्याचं, म्हणून सर म्हणाले, इथंच ठेवू. सर म्हणजे आमचे डॉक्टर. आपांनी जुन्या मऊ सुती कापडाच्या दोन वळकट्या निर्जंतुक करून घेतल्या आणि बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या, डोकं अगदी मधोमध. मान एका बाजूला वळली की मानेतली शीर दबते आणि डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही, म्हणून.

पहिल्याच दिवशी नवनाथची आई तेलाची बाटली घेऊन दारात उभी. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात ओझरच्या गणपतीचा अंगारा, कागदाच्या पुडीत.

"आपा, टाळू भरायचीय. तिसरी पिढीय माझ्या हाताखालची. टाळू भरल्याबिगर प्वार बाळसं धरत नाय."

मला वाटलं आता भांडण होणार. आपांनी अंगाऱ्याची पुडी घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत सील केली आणि पाळण्याच्या बाहेरच्या दांडीला अडकवली. "देव हितं बसू द्या, त्याला बी समदं दिसतंय." मग तेलाची बाटली आजींच्याच हातात परत दिली. "आजी, टाळू तुमीच भरायची. दुसरं कुणी न्हाई. पण आज न्हाई. येळ आली की मी सोता हाक मारीन. तवर बाटली देवापाशी ठिवा."

"कवा मारशीला हाक?"

"त्याचं डोकं हा म्हणलं की."

मग आजींचे हात कोपरापर्यंत धुऊन घेतले, गाऊन चढवला आणि आत आणलं. एक तळहात डोक्याला, एक पायांना. "चोळायचं न्हाई. हलवायचं बी न्हाई. निसतं धरायचं." आयुष्यभर पोरं चोळून न्हाऊ घातलेले हात ते, स्थिर राहीनात. आपा म्हणाल्या, "आजी, कणीक मळल्यासारखं काय करताय?" आजी हसल्या आणि हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी बाळाच्या नळीतून फुफ्फुसाचं औषध दिलं. ते दिलं की कडक फुफ्फुस हळूहळू मऊ पडतं आणि फुगायला लागतं. सर खाली ओपीडीत गेले, आपा लेबर रूममध्ये दुसऱ्या बाळासाठी गेल्या. बाळापाशी मी. सांगून गेले होते, सॅच्युरेशन पंच्याण्णवच्या वर गेलं की लगेच बोलव.

आकडा चढायला लागला. सत्त्याऐंशी, नव्वद, चौऱ्याण्णव. काचेपलीकडं नवनाथ नाक लावून उभा. सत्त्याण्णव. शंभर! आणि मी काय केलं माहितेय? बोलवायच्या ऐवजी त्याला काचेतून अंगठा दाखवला. शंभर म्हणजे शंभरच ना! शाळेपासून डोक्यात तेच बसलेलं. त्यानं मोबाइल काढून मॉनिटरचा फोटो काढला, गावाला पाठवला. आजींनी लगेच पेढे मागवले. बाहेर वाटपसुद्धा सुरू झालं.

अर्ध्या तासानं आपा जिना चढून आल्या तर आजींनी दारातच त्यांच्या हातात पेढा कोंबला. "आपा, शंभर झालं! तोंड गोड करा!"

आपांनी मॉनिटरकडं बघितलंच नाही. बाळाच्या छातीकडं बघितलं.

"कवापासनं?"

"अर्धा तास झाला असेल," मी म्हणाले. तेव्हाही मी हसतच होते.

"छाती बग त्याची. कशी उडतीये बग. फुफ्फुस मऊ पडलं, पर पावण्याला कुणी सांगितलं का, जोर कमी कर म्हणून?"

मशीन तेवढ्याच जोरानं ढकलत होतं. कडक फुफ्फुसासाठी लावलेला जोर, मऊ फुफ्फुसावर. आपांनी मशीनवरचा ऑक्सिजन थोडा खाली घेतला, तेवढं आम्हाला चालतं. दाबाला हात लावायला डॉक्टर लागतात. त्यांनी टाळूवर दोन बोटं टेकवली, उचलली आणि त्या पळाल्या. गुडघे दुखणाऱ्या, कापडी चपला घातलेल्या आपा जिन्यावरून पळत खाली गेल्या. हातात पेढा तसाच. ओपीडीतली माणसं बाजूला झाली.

सर धावत वर आले. दाब कमी केला, श्वासांची गती कमी केली. रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट काढला, कार्बन डायऑक्साइड फार खाली गेलेला. सरांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि परत मशीनकडं वळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आपा मला म्हणाल्या, "चल भाईर. त्यांना सांगायचं."

मला वाटलं होतं, कशाला सांगायचं, आता आकडे बरे आहेत ना. पण त्या गेल्या. नवनाथच्या शेजारी बाकड्यावर बसल्या.

"भाऊ, ठिबक हाय ना तुमची?"

"हाय की. समद्या टोमॅटोला."

"मोटरचं समदं प्रेशर एकदम सोडलं तर काय व्हतं?"

"नळी फुटती. न्हाईतर ड्रिपर उडत्यात."

"आन मधी नळी आवळली तर?"

"कडंच्या झाडाला पाणीच जात नाय."

"हां. तुमच्या बाळाचं डोकं म्हंजी ते कडंचं झाड. मगाशी अर्धा तास नळी आवळल्यावानी झालं. आमच्याकडनं झालं. आता सोडवलंय. पर झाडाला काय झालं, ते आज दिसायचं न्हाई."

नवनाथच्या हातात मोबाइल, त्यावर शंभरचा फोटो. "म्हंजी... शंभर चांगलं नाय?"

"शाळेत चांगलं. हितं ब्याण्णवला पास."

आजी हळूच म्हणाल्या, "मंग वाटलेलं पेढं?"

"ऱ्हाऊ द्या. पुढचं तेवढं थांबवा."

आमच्याकडनं, असं म्हणाल्या त्या. माझं नाव घेतलं नाही. नवनाथनं फोटो पुसला, तेही मी बघितलं.

डोक्याची सोनोग्राफी ठरली. ती टाळूतूनच करतात, हाड भरलेलं नसतं म्हणून तेवढ्या जागेतून मेंदू दिसतो. सर म्हणाले, एक उद्या करू, पण खरी पुढच्या आठवड्याची. उद्याची नीट आली. तरी आठवडा काढायचाच होता. मी जेवत नव्हते. कुणी काही बोललं की रडायला यायचं.

मध्ये गुरुवार आला. गुरुवारी आपांची सुट्टी असायची आणि कितीही अडचण असली तरी त्या ती बदलायच्या नाहीत. त्यांचं आणखी एक होतं, घरी जाणाऱ्या बाळांचे पेढे त्या कधीच खायच्या नाहीत. एका स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि डबा घेऊन जायच्या. आम्ही मागं म्हणायचो, आपांना शुगर असेल, नातवंडांना नेत असतील. त्या बुधवारी निघताना मला म्हणाल्या, "उद्या तुझी बी सुट्टी लावलीय. घोडेगावच्या स्टँडवर नऊला ये."

घोडेगावातून भीमाशंकरच्या रस्त्याला पुढं गेलो, एका फाट्यावर उतरून वाडीत चालत गेलो. एका घराच्या ओट्यावर बारा-तेरा वर्षांची मुलगी आडवी पडलेली. पाय कात्रीसारखे एकात एक अडकलेले, मुठी आवळलेल्या. आपांना बघितलं आणि तिनं पूर्ण अंगानं आनंद केला, तोंडानं नुसता मोठा आवाज.

"ही पायल," आपा म्हणाल्या.

तिच्या आईनं, इंदूताईंनी, चहा ठेवला. आपांनी पायलला मांडीवर घेतलं, पाय हळूहळू सोडवले, आणि डब्यातला पेढा चिमटीनं कुस्करून कण कण तिच्या जिभेवर ठेवायला लागल्या. घाई केली की तिला ठसका लागतो. आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं तिच्या डोक्यावर, बरोबर टाळूच्या जागी. एवढ्या मोठ्या मुलीच्या! तिथं आता पक्कं हाड.

मग बोलल्या. माझ्याकडं न बघता.

"ही बी सातव्यातलीच. तवा मी दुसरीकडं कामाला व्हते. मशीन नव्हतं. पुण्याला न्यायची म्हणून गाडीत घातली, मी बॅग दाबत व्हते. खेडच्या घाटातनं, शिवाजीनगरपातुर. भ्या वाटत व्हतं, मरंल म्हणून. जोरजोरात दाबली. दाबतच ऱ्हायले. पोचलो तवा गुलाबी व्हती एकदम, समदे म्हणले, आपा, तू वाचवली. हिच्या बापानं पेढं आणलं." पायलच्या ओठावरचा कण त्यांनी पुसला. "मी खाल्ला व्हता त्यो पेढा. मग चार दिवसांनी डोक्याची सोनोग्राफी झाली."

मी विचारलं, "तुमच्यामुळंच झालं असं कशावरून?"

"कुणी सांगत न्हाई. डॉक्टर म्हणले, लवकर आलेली, घाटाचे धक्के, कशानं बी व्हतं. माझ्यानं बी व्हतं. कळायला मार्ग न्हाई."

इंदूताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, आपांनीच कधीतरी सांगितलेलं. त्या म्हणाल्या, "मी ह्यांला कितींदा म्हणले, तुमी नसता तर ही नसती."

"ते बी खरं हाय," आपा म्हणाल्या. "दोनी खरं हाय. पाय धर गं जरा हिचा, गुडघ्याखालनं. हां. वढू नको. तिनं सोडला की मग."

मी पाय धरला. बराच वेळ काही झालं नाही. मग तो हळूच सैल पडला.

येताना एसटीत त्यांनी मला एवढंच सांगितलं, "रडून घे, पर उद्या ड्युटीला येशील तवा हात गरम पायजेत."

आठवड्याची सोनोग्राफी झाली. सर पडद्याकडं बघत होते, मी सरांच्या तोंडाकडं, नवनाथ काचेपलीकडून आम्हा सगळ्यांकडं. सर म्हणाले, "रक्तस्राव नाही. ठीक दिसतंय." मी जवळजवळ ओरडलेच. आपा म्हणाल्या, "हळू." आणि नवनाथला जाऊन सांगितलं, "भाऊ, आज ठीक हाय. बाकीचं चालायला लागंल तवा."

पुढं पावणा गेला, बाळ स्वतःचा श्वास घ्यायला लागलं, दूध प्यायला लागलं, वजन वाढलं. घरी सोडायच्या दिवशी आपांनी जिन्यातून हाक मारली, "आजी! बाटली आणा!" आजी आल्या. हात घासून गरम केले, आपांसारखेच. बोटाच्या टोकावर तेल घेतलं आणि टाळूवर टेकवलं, दाबलं नाही. त्या दिवशी पेढे आले. आपांच्या वाटणीचा डब्यात गेला.

त्याच वर्षी आपांनी नोकरी सोडली. गुडघे अगदीच गेले होते.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते या थंडीत. विघ्नेश चालायला लागला होता, म्हणजे डिंगोऱ्याचं तेच बाळ. नवनाथ पेढ्यांचा बॉक्स घेऊन हॉस्पिटलला आला, आपा कुठंयत म्हणाला, मोबाइलवर व्हिडिओ दिला. गुरुवार होता. आपा कुठं असतील हे मला माहीतच होतं. हाफ डे टाकला आणि वाडी गाठली.

आपा ओट्यावर उन्हात बसलेल्या, पायलचं डोकं मांडीवर. बारीक झाल्या होत्या. मी धापा टाकत व्हिडिओ लावला. टोमॅटोच्या सरीतून तो दुडुदुडु येतोय, मागं आजी हात पसरून. आपांनी चष्मा पुसला. आवाज बंद करायला लावला. एकदा पूर्ण बघितला, मग परत बघितला, आणि दुसऱ्या वेळी मोबाइल खाली धरून फक्त पाय बघितले.

"टाचा टेकतोय," त्या म्हणाल्या. मेंदूला इजा झालेली मुलं बहुतेक चवड्यांवरच चालतात.

मी बॉक्स उघडून पुढं केला. मला वाटलं, आता तरी खातील. त्यांनी एक पेढा उचलला, बराच वेळ हातात धरला. मग चिमटीत कण घेतला आणि पायलच्या जिभेवर ठेवला. दोन बोटं तिच्या डोक्यावर, त्याच जागी. मी फाट्याकडं निघाले, वळून बघितलं तेव्हा पण तसंच चाललेलं. कण, थांबायचं. कण, थांबायचं.

आपांची मुलगी नंतर तो स्टीलचा डबा मला देऊन गेली. म्हणाली, तुमच्या हॉस्पिटलचा असेल. आज एक बाळ घरी गेलं, आत दोन पेढे आहेत. उद्या गुरुवार.

एसटी लागली वाटतं. पण एक विचारते आणि उठते. तुमच्या हातून कधी असं काही झालंय का, की ज्यात तुमची चूक होती की नव्हती हे कधीच कळणार नाही? मग तुम्ही काय केलंत? खरंच सांगा, मी वाचणारे.